स्टोअरबाहेरच्या ॲपवर सरसकट बंदी नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात आमच्या वाडीतल्या एका काकूंच्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. लग्नसराईचे दिवस, मुंबईहून रोज एखादी पत्रिका यायचीच. त्यांनी ती उघडली आणि फोनने जे जे विचारले त्याला 'होय' म्हटले. ती पत्रिका नव्हे, एपीके म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल होती. मेसेज वाचायची परवानगी मिळताच बँकेचे ओटीपी परस्पर चोरांकडे गेले, सकाळी खात्यात काही उरले नव्हते. वर्षभर सुकी मासळी विकून साठवलेले पैसे होते ते! म्हणून गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरची ॲप फोनवर घेऊच देऊ नका, असे कोणी म्हटले की त्यामागची कळकळ मला समजते.

तरीही मी त्या बाजूचा नाही. माझ्या पुतण्याने कॉलेजात शिकता शिकता एक छोटे ॲप तयार केले. हर्णैच्या भरती-ओहोटीच्या वेळा, उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्या तिथी, शिवाय संध्याकाळच्या लिलावाचे भाव टिपून ठेवायला वही. समुद्रात रेंज गेली तरी ते चालते. प्ले स्टोअरवर ते नाही, एका तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्याच्या, फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर असेच पसरले. आज आमच्या होडीवरचे खलाशीही तेच बघतात. या ॲपला कोणाचे मेसेज वाचायची गरजच पडत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की, ज्याने आपली ओळख कंपनीकडे नोंदवलेली नाही त्याचे ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर घेता येणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकीच्या देशांत २०२७ पासून. विद्यार्थ्यांसाठी वेगळे खाते देऊ, असे कंपनी म्हणते. टीका झाल्यावर जाणकारांना अशी ॲप घेता यावीत म्हणून वेगळी वाट ठेवण्याचेही तिने कबूल केले. पण ती वाट किती सोपी ठेवायची हे ठरवणार तीच कंपनी. मार्च २०२४ मध्ये शुल्काच्या वादातून 'नौकरी', 'शादी' या नावांची आणि इतर काही भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून काढली गेली होती. सरकारने मध्ये पडल्यावर ती परत आली. पुतण्याच्या ॲपसाठी कोण मध्ये पडणार?

आपल्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा बाहेरून ॲप देण्यावर बंधने घालू नका, असेही बजावले होते. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, ही सूचना मात्र रद्द केली. मला याचे फार वाईट वाटते. सरकारने ती कायद्यात आणावी.

चोर अडवायचे तर मेसेज वाचायच्या परवानगीपाशी अडवावेत. बाहेरून आलेले ॲप ती मागत असेल तर तिथेच थांबवायचा प्रयोग गूगलनेच २०२४ मध्ये भारतात सुरू केला. तो अधिक कडक करा, आमची हरकत नाही.

आणि १९३० हा सायबर मदत क्रमांक बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावा. काकूंना तो दुसऱ्या दिवशी दुपारी कळला, तोवर पैसे पुढे निघून गेले होते.

आपला,
एक नौकामालक वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी