विषय: सीआरपी तपासणीत प्रोझोन चेक बंद, रिपोर्ट खोटे कमी

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख,

चौथा फोनही फुकट गेला, म्हणून लेखी देत आहोत.

मागच्या सर्व्हिसिंगला तुमच्या इंजिनिअरने आमच्या मशीनमध्ये सीआरपीची (जळजळ झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नवी सेटिंग टाकली. तिच्यात प्रोझोन चेक (सीआरपी फार जास्त असल्यामुळे आकडा खोटा कमी येतोय का, हे बघणं) आणि ऑटो-डायल्युशन (असं सॅम्पल आपोआप पातळ करून पुन्हा मोजणं) दोन्ही बंद आहेत. आम्हाला कुणी कळवलं नाही.

लावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) पेशंट फुप्फुसं निकामी होऊन येतात. पीप (श्वास सोडल्यावर व्हेंटिलेटर फुप्फुसांत राखतो तो दाब) ५ असूनही पीएफ रेशो (रक्तातला ऑक्सिजन भागिले दिलेला ऑक्सिजन) १०० च्या खाली, म्हणजे २०१२ च्या बर्लिन व्याख्येप्रमाणे तीव्र एआरडीएस (फुप्फुसं अचानक निकामी होणं). अशा एका पेशंटचं सीआरपी मशीनने ४६ मिग्रॅ प्रति लिटर दाखवलं. त्याच ट्यूबमधलं १ भाग सीरम ९ भाग सलाईनमध्ये मिसळून लावलं, तर ३८ आलं. गुणिले दहा, ३८०! रिएजंटमधल्या लेटेक्स कणांवरच्या अँटिबॉडीला पुरून उरेल इतकं सीआरपी असलं की कणांचं जाळं बांधलं जात नाही, मशीन मोजतं तो गढूळपणा वाढत नाही. रिअ‍ॅक्शन कर्व्हवर (वेळेनुसार गढूळपणाचा आलेख) दिसतंच: रेषा सुरुवातीला झपकन चढते आणि आडवी पडते.

तो कर्व्ह पाठवला, तर तुमच्या टेक्निकल सपोर्टचं उत्तर, "आकडा कमी आलाय म्हणजे पेशंट सुधारतोय, चांगलंच आहे ना?" पेशंट १०० टक्के ऑक्सिजनवर आहे, असं सांगितलं. "कंट्रोल पास आहे ना? मग मशीन बरोबर." अहो, कंट्रोल म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, तो मोजणीच्या मर्यादेतलाच असतो, त्याला प्रोझोन कसा सापडेल? हेही समजावलं. त्यावर, "कोकणात एवढे हाय सॅम्पल येतात कुठे?" आणि फोन ठेवला. हे आम्ही विसरणार नाही.

एकट्या सीआरपीवरून पेशंट वाचेल की नाही, हे कुणी ठरवत नाही. पीएफ रेशो आणि प्रोकॅल्सिटोनिनच्या (जिवाणूसंसर्ग सुचवणारी रक्ततपासणी) जोडीने दोन-तीन दिवसांत आकडा कुठे जातो ते बघतात. सीआरपीचं अर्धायुष्य साधारण १९ तास, म्हणून जळजळ थांबली की ते भराभर उतरतं. तुमच्या सेटिंगने नेमकं उलटं होतं. खरा आकडा ३८० वरून १५० वर आला, तर कागदावर ४६ चे १५० दिसतात, आणि सुधारणाऱ्या पेशंटचं अँटिबायोटिक बदललं जातं.

सात दिवसांत दोन्ही सेटिंग चालू करून द्या. हीच सेटिंग टाकलेल्या प्रत्येक लॅबला लेखी कळवा. आम्हाला कुणी कळवलं नाही, निदान त्यांना तरी कळवा. नाहीतर मटेरिओव्हिजिलन्सकडे (वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवणारी सरकारी यंत्रणा) कर्व्हसकट रिपोर्ट जाईल आणि रिएजंटची पुढची ऑर्डर रद्द होईल. दहा वर्षं तुमच्याच किटवर भरवसा ठेवला होता.

लॅब इन्चार्ज,
सिंधुदुर्ग