सईला पत्र, शिकागोच्या बास्केटबॉल स्पर्धेआधी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

हळूहळू वाच. अडलं तर आजीला फोन कर, तिला आवडेल.

गुरुवारी जेवताना मोठं कॉलेज की छोटं यावरून आवाज चढले, ते मला पुन्हा उकरायचं नाही. तू चिडून बॅग भरलीस, सकाळी क्लबच्या व्हॅनमध्ये बसून गेलीस, आणि मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. बेंचवर बसून राहण्याबद्दल मी एक शब्द लिहिणार नाही, असं बाबाला कबूल केलंय.

त्या मोठ्या कॉलेजच्या असिस्टंट कोचचा फोन आला तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. डिव्हिजन वनच्या, सगळ्यात वरच्या पातळीच्या, संघाने माझ्या मुलीचं नाव घेऊन फोन करावा! मी आत जाऊन नानांच्या फोटोसमोर उभी राहिले. हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलींतल्या चारएक जणी एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, कुठल्या तरी संघापर्यंत पोचतात, डिव्हिजन वनला जेमतेम एखादी. त्या एकीत तुझा विचार होतोय. याचा अभिमान मला किती आहे, ते गुरुवारी माझ्या बोलण्यातून तुला कळलंच नसेल.

पण ते म्हणाले ‘प्रेफर्ड वॉक-ऑन’. म्हणजे जागा आहे, स्कॉलरशिप नाही, ‘पुढे बघू’. कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दल 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यात जी कॉलेजं सामील झाली, त्यांच्या महिला बास्केटबॉल संघात आता जास्तीत जास्त 15 जणी. वॉक-ऑन धरून 15. शिवाय ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, एकवीस वर्षांची, कॉलेजात तीन हंगाम खेळलेली मुलगी मिळत असेल, तर कोच सतरा वर्षांच्या मुलीच्या वाढीची वाट कशाला बघेल? त्यांचीही नोकरी जिंकण्यावर असते. मग तू चार वर्षं वॉर्मअप जॅकेट घालून टाळ्या वाजवत

बघ, आलंच बेंचवर. थांबते.

तू एनबीएच्या जा मोरंटचं उदाहरण दिलंस. गोष्ट खरी आहे. 2016 मध्ये मरे स्टेट विद्यापीठाचा असिस्टंट कोच दुसऱ्याच मुलाला बघायला आला होता, खायला काही मिळतंय का म्हणून उठला, आणि मागच्या छोट्या जिममध्ये तीन-तीनचा डाव खेळणारा मोरंट त्याला दिसला. 2019 च्या ड्राफ्टमध्ये, एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, तो दुसरा. तुला त्यात ‘कुणीतरी बघतंच’ हे दिसतं. मला दिसतं की मरे स्टेटमध्ये तो पहिल्याच वर्षी सुरुवातीच्या पाचांत उतरला. स्टेफ करीला मोठ्या कॉलेजांनी घेतलं नाही, छोट्या डेव्हिडसन कॉलेजने घेतलं, आणि तिथे पहिल्या वर्षापासून तो खेळत होता. कोर्टवर मिनिटं मिळाली म्हणून ते वाढले. अंगात काय आहे हे कोचला आधी कितीसं कळतं? उंची कळते, हातांचा पल्ला कळतो, उडी कळते. बाकीचं सगळं अंदाज.

मी नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर खेळले. मे महिन्यात सकाळी सहाला प्रॅक्टिस, कारण आठनंतर बॉल हातात धरवत नसे. विद्यापीठाच्या संघात बारांत नाव लागलं तेव्हा तुझ्या आजीने गल्लीत पेढे वाटले. माझ्यापुढे तीन सीनियर होत्या, त्या माझ्याहून चांगल्या होत्या, कुणाचा काही दोष नव्हता. पण इंटर-युनिव्हर्सिटीला मी सगळे सामने बसून पाहिले, आणि परत आल्यावर माझा शॉट पूर्वीसारखा राहिला नव्हता. सुमामावशीला विचार, ती होती शेजारी. त्या वयात हात वापरात नसला की मनही कच खातं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं, म्हणून गुरुवारी तुला वाटलं असेल की आईचा तुझ्यावर विश्वास नाही.

विश्वास आहे. तुझा खेळ मी आईच्या डोळ्यांनी बघते तशी खेळाडूच्या डोळ्यांनीही बघते. सोबतिणीच्या आडोशावरून, त्या स्क्रीनवरून, वळताना तुला पास कुठे द्यायचा ते समोरच्या मुलीच्या आधी दिसतं. हे शिकवून येत नाही. डिफेन्समध्ये तू सतत बोलतेस. फ्री थ्रो तुझे पडतात, आणि कोच त्याकडे बारकाईने बघतात, कारण हायस्कूलची तीन गुणांची रेघ 19 फूट 9 इंचांवर आहे आणि कॉलेजची 22 फूट पावणेदोन इंचांवर. ते जवळजवळ अडीच फूट पार करायला हाताची लय लागते, ती फ्री थ्रोवर दिसते. डावा हात मात्र अजून अर्धवट आहे. आणि जलद गार्ड समोर आली की तुझी पावलं एकमेकांत अडकतात. पाच फूट आठ उंची हायस्कूलमध्ये तुला झाकून घेते. कॉलेजात त्या उंचीच्या मुली तुझ्याहून जलद असतील.

शिकागोत कोर्टच्या कडेला कॉलेजांचे लोगो लावलेले पोलो घालून कोच रांगेत बसतील. तिथे तुझ्याशी बोलायची त्यांना परवानगी नाही, नुसतं बघायची आहे. ते गुण मोजत नाहीत ग. बॉल तुझ्या हातात नसताना तू काय करतेस, चूक झाल्यावर मागे धावतेस की मान खाली घालतेस, बाहेर काढल्यावर कशी बसतेस, हे बघतात. त्या छोट्या, डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजच्या हेड कोचनी फोनवर तुझ्या गुणांचा विषयच काढला नाही, आठवतंय? फोर्ट वेनच्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला तू हेल्पला, सोबतिणीच्या मदतीला, उशिरा का गेलीस, हे विचारलं. मला ती बाई तेव्हाच आवडली. तिने तुला खरंच बघितलंय.

डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते, मला माहीत आहे. मार्कांवर आणि घरच्या उत्पन्नावर मदत मिळते; बाबाने फॉर्म काढून ठेवलेत. आणि ‘थ्री’ म्हणजे हलकं असं तू पुन्हा म्हणू नकोस. ग्रीनकॅसल आपल्यापासून तासाभरावर, तिथल्या डीपॉ विद्यापीठाच्या मुलींनी 2007 आणि 2013 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, 2013 ला तर हंगामभर एकही सामना न हरता.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. निर्णय तुझाच आहे, आणि तू मोठ्या कॉलेजला गेलीस तर पहिल्या मॅचला मी निळा शर्ट घालून येणार.

फक्त रविवारी त्या असिस्टंट कोचचा फोन येईल तेव्हा एवढं विचार: गेल्या तीन वर्षांत वॉक-ऑन म्हणून आलेल्या मुलींपैकी किती जणी अजून संघात आहेत, आणि त्यांना सामन्यात किती मिनिटं मिळाली? तूच विचार, बाबाला विचारायला लावू नकोस. जे सांगतील ते मला जसंच्या तसं कळव.

तुझी,
आई

ता. क. क्लोजआउट करताना, शॉट मारणारीवर धावून जाताना, शेवटची दोन पावलं छोटी टाक. आणि डाव्या हाताने लेअप घे, चुकला तरी चालेल.