अक्का, भुऱ्याकडून आणि आमच्याकडून थँक्यू

अक्का,

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, नातू मोबाईलवर वाचून दाखवेल आणि मध्येच गिऱ्हाईक आलं की तुम्ही त्याला गप्प बसवाल, पण तरी लिहितोय, कारण तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जाय तिकडे, आभार काय मानस" म्हणून हाकलून देता. आणि अमळनेरात काय, धुळ्या-जळगावातही कितीतरी घरांत असं खाजवणारं कुत्रं असेल, त्या लोकांनाही कळू दे की तुम्ही काय केलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अक्का आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकतात. भुऱ्या म्हणजे आमचं कुत्रं, गावठी, वजन 18 किलो. त्याला बारमाही खाज. थंडी असो, पाऊस असो, 44 डिग्रीचा मे महिना असो, हा आपला खाजवतोय. पंजे चाटून चाटून पांढरे केस तांबडे पडलेले, कानातून आंबूस वास, पोटाखालची कातडी लालबुंद, आणि रात्री फरशीवर तोंड घासत फिरायचा. गोचीड नाही, पिसवा नाही. औषध दिलं की थोडे दिवस बरं वाटायचं आणि औषध थांबलं की परत तेच. कोणी कडुनिंबाचं पाणी सांगितलं, कोणी गंधक-खोबरेल सांगितलं, एका काकांनी तर सांगितलं की कुत्रं बदला.

शेवटी धुळ्याचे डॉक्टर म्हणाले की ज्या अर्थी खाजेला ऋतू नाही आणि कान सारखे बिघडतात, त्या अर्थी खाण्याची ॲलर्जी आहे का ते बघू. ही ॲलर्जी बहुतेक वेळा प्रोटीनची असते, आणि नवीन काही खाल्लं म्हणूनच होते असं नाही, वर्षानुवर्षं रोज जे पोटात जातं त्याचीही होते. 2016 साली जगभरातल्या 297 ॲलर्जीवाल्या कुत्र्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या, त्यात बीफ 34 टक्के, दूध 17, कोंबडी 15 आणि गहू 13 टक्के असं निघालं. आता बघा, आपल्याकडचं कुत्रं खातं काय? दूध-पोळी, बिस्कीट, टोस्ट, आणि कोणी दिलं तर कोंबडीचं हाड. बीफ सोडलं तर अख्खी यादीच आपण रोज ताटलीत वाढतो.

रक्ताच्या टेस्टचं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले तिच्यावर भरवसा ठेवू नका, खरी टेस्ट खाण्याचीच. म्हणजे 8 आठवडे त्याने आधी कधी न खाल्लेलं एक प्रोटीन आणि एक पिष्ट, बस. आमचं ठरलं बोकडाचं मटण आणि रताळं, जोडीला गंगाफळ (म्हणजे लाल भोपळा), आणि खाऊ म्हणून काकडी. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही, आणि चिकनचा फ्लेवर असलेली जंताची गोळीसुद्धा नाही. आईच्या स्वयंपाकघरात मटण चालत नाही म्हणून मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं, सगळं रीतसर.

आणि तरी खाज थांबेना! आठवड्यांवर आठवडे चाललेत, मटणाचे पैसे जाताहेत, आणि हा आपला मागचा पाय कानामागे घालून सुरूच. डॉक्टर फोनवर म्हणाले, बाहेरून कोणीतरी काहीतरी देतंय. मी म्हटलं छे, कोण देणार. तेव्हा मी तुमच्याकडे गंगाफळाची फोड घ्यायला आलो होतो, तुम्ही तराजूत माप टाकता टाकता सहज विचारलं, "काय व्हयनं भो, कुत्राले बरं नही का?" आणि मी सगळं सांगितल्यावर तुम्ही जे हसलात! "त्याले बिस्कीट कोन देस ते माले इचार!"

गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून बसणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे. कोण कधी निघतं, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं तुम्हाला ठाऊक. तुम्ही बोटांवर मोजत सांगितलं की सकाळी रिक्षावाले चहात बुडवून टोस्ट देतात, मग शाळेची पोरं ग्लुकोज बिस्कीट, दुपारी वरच्या घरातल्या आजी ताकात कुस्करलेली पोळी, आणि संध्याकाळी टपरीवर खारी. म्हणजे आम्ही अंगणात चूल पेटवून रताळी उकडतोय आणि साहेब गल्लीत गव्हाची पार्टी करताहेत.

मी लगेच सगळ्यांना समजावायला निघालो होतो, तुम्हीच थांबवलं. म्हणालात, पोरांना नाही म्हटलं की ती लपून देतील, त्यांच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला पाहिजे. मला हे सुचलंच नसतं. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या पाटीशेजारी तो स्टीलचा डबा आला, त्यात काकडीचे तुकडे, आणि भुऱ्याला काही द्यायचं तर ह्यातलंच द्यायचं, नाहीतर अक्काची बोलणी खायची. एकदा एका पोराने खिशातून बिस्कीट काढलं तर तुम्ही मेथीची जुडी उगारून "हाई काकडी दे त्याले" म्हणून असं ओरडलात की टपरीवरच्या माणसाने हातातली खारी परत बरणीत टाकली. टोस्टवाले रिक्षावाले तर आता स्वतः काकडी मागून घेतात, अर्धी त्याला आणि अर्धी मीठ लावून स्वतः, त्याचा हिशोब तुम्ही ठेवता की नाही देव जाणे.

एक गोष्ट मी तुमच्याकडून शिकलो ती मुद्दाम लिहितो. काकडी असो की दुधी, तुम्ही देठाकडची चकती कापता, जिभेच्या टोकाला लावता, थुंकता आणि मग म्हणता "ने". आधी मला वाटायचं सवय असेल. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले बरोबर करतात त्या, ह्या वेलवर्गीय भाज्या कडू निघाल्या तर त्यात कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलीत, आणि शिजवून ते जात नाही. कुत्र्याला तर कडू लागलं हे सांगताही येत नाही. आता घरी आम्हीही चाखल्याशिवाय पातेल्यात काही टाकत नाही.

तो डबा सुरू झाल्यावर खाज हळूहळू उतरली. आधी कान सुकले, मग पंज्यावर पांढरे केस दिसायला लागले, पोटाची लाली सगळ्यात उशिरा गेली. 8 आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी एकेक पदार्थ परत द्यायला सांगितला, कारण नुसतं बरं वाटून भागत नाही, नेमकं कशाने होतं ते सिद्ध व्हायला पाहिजे. दूध दिलं, काही नाही. गव्हाची पोळी दिली आणि दोन-चार दिवसांत हा परत फरशीवर तोंड घासायला लागला. कोंबडीचंही तेच. म्हणजे गहू आणि कोंबडी, हे दोन गुन्हेगार. (दूध निर्दोष सुटलं म्हणून आई इतकी खूश झाली की विचारू नका.)

मग भाज्या वाढवायला सुरुवात केली, एका वेळी एकच, आठवडाभर तीच, मग पुढची. दुधी चालला. गाजर चाललं. फरसबी चालली. कोवळी गिलकी (घोसाळी) तर त्याला इतकी आवडली की तुमच्या पाटीतनं उचलून पळाला होता, ते पैसे तुम्ही घेतले नाहीत. कोबीने पोटात असा गॅस धरला की त्याच्याजवळ बसवत नव्हतं, कोबी बंद. पालक आणि बीट डॉक्टरांनी क्वचितच द्यायला सांगितलं कारण त्यात ऑक्झलेट जास्त, मुतखड्याची भीती. सगळ्या भाज्या उकडून कुस्करून देतो, कच्चं गाजर दिलं की तसंच्या तसं बाहेर येतं हे ज्यांनी कुत्र्याची शी उचललीये त्यांना माहितीये. काकडी तेवढी कच्ची.

इथे एक सांगायलाच पाहिजे, नाहीतर लोक वाचतील आणि उद्यापासून कुत्र्याला नुसत्या दुधीवर ठेवतील. भाजी हे त्याचं जेवण नाही. रोजच्या जेवणात अजूनही मटण-रताळं आहे, कधी गव्हाऐवजी ज्वारीची भाकरी, आणि नुसत्या मांसात कॅल्शियम पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडर दिलीये ती. येता-जाता मिळणारा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांत बसला पाहिजे. काकडीत जवळपास सगळं पाणीच, म्हणून गल्लीभर काकडी खाऊनही तो जाडा झाला नाही, बिस्किटांवर झाला असता.

आणि आता भरताचा सीझन. अक्का, तुमचं वांगं म्हणजे वांगं, पण ह्या दिवसांत मला धडकी भरते. शेताशेतात काट्या पेटतात, वांगी भाजतात, कांद्याची पात, लसूण, मिरच्या ठेचून भरीत होतं, कळण्याच्या पुऱ्या होतात, आणि उरलेलं द्रोणात कालवून कुत्र्यापुढे ठेवणारा एक तरी भला माणूस निघतोच. कांदा, लसूण, पात हे कुत्र्याला विष आहे, ॲलर्जी असो नसो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, भाजून, सुकवून काही फरक पडत नाही, म्हणजे आपला काळा मसाला, शेवभाजीचा रस्सा, त्यात कुस्करलेली भाकरी, सगळं बाद. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांद्याने त्रास होतो, भुऱ्याच्या वजनाला म्हणजे दोन-तीन मोठे कांदे, पण रोज थोडं थोडं गेलं तरी साठत जातं, आणि लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लाल होते, तोवर कोणाला भरीत आठवतही नाही. द्राक्षं आणि बेदाणे तसेच, त्याने किडनी जाते. चिंचही नको. मक्याचं रिकामं कणीस तर आतड्यात अडकतं, ऑपरेशनच.

मागच्या हिवाळ्यात तुमच्या भाच्याच्या शेतावर भरीत होतं, आम्हीही होतो, तेव्हा तुम्ही कोणाला काही न सांगता पात टाकायच्या आधीच दोन वांगी बाजूला सोलून, बिया-देठ काढून, गार करून ठेवली होती. सगळे जेवायला बसल्यावर ती भुऱ्यापुढे सरकवलीत. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, पोळी वाढायच्या गडबडीत राहून गेलं, म्हणून आत्ता बोलतोय.

औषधांचं, यादीचं, तपासणीचं श्रेय डॉक्टरांचं, त्यांचे आभार वेगळे मानलेत. पण धुळ्याला बसून कोणी आमच्या गल्लीवर लक्ष ठेवू शकलं नसतं. ते तुम्ही केलं, धंद्याच्या वेळात केलं, आणि काकडीचे पैसे विचारले की विषय बदलला.

तर आता कामाचं. पुढचा आठवडा मी नाशिकला आहे, आई येईल भाजी न्यायला. तिला गिलकी कोवळी की जून ते कळत नाही, तुम्हीच निवडून द्या. डब्यातल्या काकडीचा हिशोब मी माझ्या अंदाजाने करून पाकिटात घालून तिच्याकडे दिलाय, आणि तिला बजावलंय की पाकीट घेतल्याशिवाय पाटीसमोरून हलायचं नाही. ती माझ्यापेक्षा हट्टी आहे, तेव्हा घेऊन टाका.

तुमचा,
भुऱ्यावाला भाऊ