पिस्तुलाची तुलना गोळ्या मोजून होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सागरी पोलीस ठाण्यांना नवी पिस्तुले द्या, ही मागणी किनाऱ्यावर काही वावगे सापडले की हमखास वर येते. 1993 मध्ये रायगडच्या शेखाडीला स्फोटके उतरली, 2008 च्या नोव्हेंबरात दहा अतिरेकी समुद्रातूनच मुंबईत शिरले, 2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला बेवारस बोटीत एके-47 मिळाल्या. मागणी चुकीची नाही. पण चर्चा 'सहा गोळ्या की सतरा' याच्या पलीकडे जात नाही, म्हणून हे पत्र.

पोलिसांच्या कमरेला आजवर दिसत आलेली तीन हत्यारे घेऊ. पहिले, .38 चे जुने रिव्हॉल्व्हर. सहा गोळ्या, मधून मोडून उघडणारे, गोळी जड पण संथ, सेकंदाला जेमतेम 180-190 मीटर. दुसरे, इशापूरच्या कारखान्याचे 9 मिमी 1ए पिस्तूल, म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर या परदेशी पिस्तुलाची देशी आवृत्ती. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत घालायच्या गोळ्यांच्या पेटीत, 13 गोळ्या, अंग पोलादी, वजन रिकाम्यानेच पाऊण किलोच्या वर. तिसरे, ग्लॉक 17. सतरा गोळ्या, मूठ आणि सांगाडा फायबरचा, बाहेरून दिसणारा घोडा नाही, बोटाने सरकवायचा सेफ्टीचा खटकाही नाही. या दोन्ही पिस्तुलांची गोळी .38 च्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाते. ट्रॉलरची प्लायवूडची किंवा फायबरची केबिन ती सहज पार करते. हर्णैच्या मासळी लिलावाच्या वेळी किंवा मिरकरवाडा बंदराच्या धक्क्यावर समोरच्याच्या मागे कोण उभे आहे, हा प्रश्न त्यामुळे जास्त टोकदार होतो.

आता गस्ती नौकेवर या. नौका ट्रॉलरला लागते आहे, दोन्ही वेगवेगळ्या लयीत वर-खाली होत आहेत, अधिकाऱ्याचा डावा हात कठड्याला आहे. 1ए सहसा नळीत गोळी न ठेवता बाळगतात, म्हणजे वेळ आली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते आणि त्याला दुसरा हात लागतो. कठडा सोडला की माणूस पाण्यात. नेम धरायची मागची साइट पट्ट्याला अडकवून एका हाताने स्लाइड ओढायची युक्ती जमिनीवर जमते, हलत्या फळीवर तिच्या भरवशावर राहू नये. टिंगलीचा विषय झालेले रिव्हॉल्व्हर इथे पुढे निघते: चाप ओढला की काम. पण त्याचीही खोड आहे. उडालेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या काढताना ते हळूहळू उघडले, तर एखादी पुंगळी त्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली (एक्स्ट्रॅक्टर) घसरते आणि मग रिव्हॉल्व्हर बंदच होत नाही. ती नखाने उकरून काढण्यात जीव मेटाकुटीला येतो. उघडायचे ते एका झटक्यात, पूर्ण.

एका हाताचा हिशेब धरला तर ग्लॉक सगळ्यात सोयीचे. नळीत गोळी ठेवून बाळगण्यासाठीच ते बनले आहे, आतल्या सेफ्टी चाप दाबल्यावरच सुटतात. पण म्हणूनच त्याचे सगळे भवितव्य होल्स्टरवर, म्हणजे कमरेच्या म्यानावर. आपल्याकडचे चामड्याचे होल्स्टर मिरगापासून गणपतीपर्यंत ओलेच असते. ओलाव्याने चामडे मऊ पडते, तोंडाची कड आत वळते, पिस्तूल आत सरकवताना ती घडी चापाच्या कडीत शिरते आणि हात चापावर नसतानाही बार उडतो, बहुधा स्वतःच्याच मांडीत. बाकीच्या दोन हत्यारांना चामडे चालून जाते, ग्लॉकला नाही. त्याला चाप पूर्ण झाकणारे, दाबले तरी न वाकणारे फायबरचे होल्स्टरच हवे. शिवाय बोटीवर मुठीला दोरी बांधलेली हवी. रिव्हॉल्व्हर आणि 1ए ला त्यासाठी कडी असते, ग्लॉकला मुठीच्या बुडाशी नुसते भोक असते, त्यातून बारीक पण मजबूत दोरी ओवावी लागते.

हत्यार रिकामे करताना होणारी चूकही प्रत्येकाची वेगळी. नियम एकच: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग नळीत डोळ्याने पाहा आणि बोट घालून चाचपा. क्रम उलटा झाला तर स्लाइड ओढून एक गोळी बाहेर पडते आणि सोडताच मॅगझिनमधली दुसरी आत जाते. 1ए मध्ये मॅगझिन काढले की चाप काम करत नाही, त्यामुळे 'रिकामे आहे' असा भ्रम होतो. घोडा उतरवायला पुन्हा मॅगझिन घालावे लागते, आणि नळीत राहिलेली गोळी नेमकी तेव्हा सुटते. ग्लॉक साफसफाईसाठी उलगडण्याआधी चाप ओढावाच लागतो. नळी न बघता तो ओढला की टेबलाला भोक. रिव्हॉल्व्हर उघडले की सहाच्या सहा घरे समोर दिसतात, लपवाछपवी नाही.

उरला खारा वारा. 1ए आणि रिव्हॉल्व्हरचे काळे पॉलिश गंजापुढे फार टिकत नाही. ग्लॉकची स्लाइड आणि नळी बरीच टिकते, पण आतल्या स्प्रिंगा आणि बारीक पिना शेवटी पोलादच. लाटेचे पाणी उडाले असेल तर धक्क्यावर आल्या आल्या हत्यार रिकामे करावे, उलगडावे, गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण सुकवावे आणि मग तेलाचा पुसट हात फिरवावा. तेल थबथबले की वाळू चिकटते. ग्लॉकच्या फायरिंग पिनच्या (गोळीवर ठोका देणाऱ्या पिनेच्या) पोकळीत तर तेल घालूच नये, तिथे चिकटा झाला की पिनेचा ठोका मंदावतो. गोळ्यांना तेल लावणे हा आणखी एक अज्ञानाचा प्रकार. पातळ तेल हळूहळू पुंगळीच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीत झिरपते आणि ऐन वेळी नुसता 'टक' आवाज येतो. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्महिने खोचलेल्या गोळ्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. तो घासून चकचकीत करायचा नसतो, त्या गोळ्या बदलायच्या असतात.

माझे मत विचाराल तर नौकेवरच्या अधिकाऱ्यांना ग्लॉकच्या जातीचे पिस्तूल द्यावे आणि ठाण्यात, बंदोबस्ताला 1ए खुशाल राहू द्यावे. पण खरेदीच्या कागदात प्रत्येक पिस्तुलामागे फायबरचे होल्स्टर, दोरी, तीन मॅगझिन आणि सरावाच्या गोळ्या धरलेल्या असाव्यात. नुसती पिस्तुले आली आणि होल्स्टर जुनेच राहिले, तर हाती असलेले 1ए परवडले. दुसरी गोष्ट आजही करता येईल: पावसाळा सरला की कमरेच्या गोळ्या सरावाला वापराव्यात आणि कमरेला नव्या खोक्यातल्या द्याव्यात. त्यातून न फुटणाऱ्या किती निघाल्या, याची नोंद ठाण्यागणिक ठेवली तर कुठल्या धक्क्यावर ओलावा मुरतो आहे तेही कळेल.

आपला,
एक जाणकार वाचक, रत्नागिरी