मनीच्या बाळंतपणाआधी

चि. छोटू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एकच विचारत होतास, “आई, तू येईपर्यंत मनी थांबेल का?” नाही थांबणार, बाळा. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात आणि तिचे भरत आले आहेत. ताईची तारीखही याच आठवड्यातली, त्यामुळे मला नाशिक सोडून नागपूरला येता येत नाही. मनीचं बाळंतपण तुलाच करायचं आहे. बाबांना रक्त बघवत नाही, त्यांच्याकडे गाडी आणि डॉक्टरांना फोन करणं एवढंच ठेव.

फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहून काढलं. मुख्य ते आधी सांगते. तिला हे येतं. तुझं काम बहुतेक वेळ जवळ बसून राहण्याचं आहे. पण काही वेळा अशा येतात की तेव्हा बसून राहिलं तर जीव जातो. त्या तेवढ्या ओळखायला शीक, बाकी तिच्यावर सोड.

सध्या ती जागा शोधून राहिली असेल, कपाटात, दिवाणाखाली. तुझ्या वरच्या खोलीत खोकं ठेवू नकोस. मे महिन्यात तिथला स्लॅब रात्रीही तापलेला असतो. देवघरामागची खोली बरी, अंधारी आणि बिनवर्दळीची. मिक्सरचं मोठं खोकं घे, खाली वर्तमानपत्रं, वर माझी जुनी सुती साडी. टॉवेल अंथरू नकोस, त्याच्या धाग्यांत पिल्लांची नखं अडकतात. खिडकीची जाळी नीट लाव. तो पिवळा बोका रोज गच्चीवरून येतो, आणि बोके नवी पिल्लं मारतात.

कूलरचं नीट लक्षात ठेव. आपल्याला वाटतं, बाहेर ४५ अंश आहे तर बाळंतिणीला कूलरसमोर ठेवावं. मनीला गारवा हवाच, पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात थंडीने कुडकुडताही येत नाही. अंगाची ऊब ती स्वतः धरू शकत नाहीत. त्यांच्याभोवती ३० ते ३२ अंश लागतात. कूलरचा ओला झोत थेट खोक्यावर आला तर भर उन्हाळ्यात पिल्लू गारठून जातं. म्हणून कूलर बाहेरच्या खोलीत चालू दे, दार अर्धं उघडं ठेव आणि पिल्लांकडे बघून ठरव. एकमेकांवर ढीग करून पडली तर थंडी वाजते आहे. लांब लांब पसरून ओरडत असतील तर उकडतं आहे.

वेळ जवळ आली की ती खाणं सोडेल, खोकं उकरेल, घुरघुरेल, तुझ्या मागे मागे येईल. अंगाचा ताप एरवी १०० ते १०२ फॅरनहाइट असतो, तो ९९च्या आसपास उतरला की दिवसभरात कळा येतात. तो गुदद्वारातून मोजावा लागतो. तिला आवडलं नाही तर सोडून दे, त्यापायी तिला घाबरवण्यात अर्थ नाही.

जोराच्या कळा सुरू झाल्या की घड्याळ बघ. बहुतेक वेळा अर्ध्या तासात पहिलं पिल्लू येतं. पाय आधी आले तरी घाबरू नकोस, मांजरांत पायाळू पिल्लं पुष्कळ होतात आणि नीट होतात. पिल्लू पाणमोटीसकट, म्हणजे पाण्याच्या पातळ पिशवीसकट येतं. ती जिभेने पाणमोट फाडते, तोंड चाटते, नाळ चावून तोडते. हे बघताना हात पुढे करावासा वाटेल, करू नकोस. मात्र ती दुसऱ्या पिल्लाच्या कळांत अडकली आणि पहिलं पाणमोटीतच राहिलं, तर मिनिटाच्या आत तूच तोंडाजवळची पाणमोट बोटांनी फाड. नाक-तोंड पूस, डोकं किंचित खाली धर आणि मऊ फडक्याने पाठ जोरात चोळ, रडेपर्यंत. काही लोक पिल्लू हातात धरून झटकतात, तसं अजिबात करायचं नाही, मेंदूला इजा होते. नाळ तिने तोडली नाही तर पोटापासून इंचभर सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांध आणि गाठीच्या पलीकडे काप. ओढायची नाही.

प्रत्येक पिल्लामागे एक वार, म्हणजे नाळेला जोडलेला मांसल गोळा, पडते. मोज आणि लिहून ठेव. एक-दोन तिने खाल्ल्या तर खाऊ दे, बाकीच्या उचल, नाहीतर उलट्या-जुलाब लागतात. दोन पिल्लांमध्ये ती तासभर विसावेल, दूधही पाजेल, तेही चालतं.

आता डॉक्टरांकडे पळायच्या वेळा. अर्धा तास जोराच्या कळा आणि पिल्लू नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलेलं. लालभडक रक्त वाहतं आहे. हिरवट-काळं पाणी आलं पण पिल्लू येत नाही. आत पिल्लं आहेत हे कळतं आहे आणि दोन तास उलटले. यातलं काहीही दिसलं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नकोस, निघ. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुला माहीत आहे. रात्री तिथे किंवा जवळ कोण भेटेल, ते आजच दिवसाउजेडी विचारून फ्रिजवर चिकटव. आणि कुणी घरी येऊन न तपासता कळा वाढवायचं इंजेक्शन देतो म्हणाला तर नको म्हण. पिल्लू आडवं अडकलेलं असताना त्या औषधाने गर्भाशय फाटू शकतं.

पिल्लं झाली की पहिल्या काही तासांतलं दूध सगळ्यांच्या पोटात गेलं पाहिजे, रोगांशी लढायची शक्ती त्यातूनच येते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन कर आणि कालनिर्णयवर लिही. जन्मताना साधारण १०० ग्रॅम असतं आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. पोट भरलेलं वाटतं यावर जाऊ नकोस, काट्यावर जा. एखाद्याचं वजन दुसऱ्या दिवशीही वाढलं नाही तर डॉक्टरांना दाखव. हात लावला की मांजर पिल्लांना टाकते म्हणतात, ते घरच्या मांजरीच्या बाबतीत खरं नाही. सात घरं फिरवते म्हणतात, तेही उजेड, गोंगाट किंवा बोक्याच्या भीतीने. गल्लीतल्या पोरांना पंधरा दिवस आत येऊ देऊ नकोस.

गारठलेल्या पिल्लाला दूध पाजू नकोस, काहीही झालं तरी. थंड अंगात दूध पचत नाही. आधी बनियनच्या आत छातीशी धर, हळूहळू ऊब येऊ दे, मग आईजवळ लाव. शेजारच्या काकू कापसाच्या वातीने गाईचं दूध पाजायला सांगतील. त्यांचं मन मोडू नकोस, पण पाजूही नकोस, त्याने जुलाब होतात. गरज पडलीच तर पिल्लांसाठीची दुधाची पावडर आण, आणि पोटावर ठेवून पाज. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं.

कामवाल्या बाईंना आजच सांग, त्या खोलीत फिनाइल नाही, डेटॉल नाही. मांजराच्या यकृताला ते पचत नाही, पायाला लागलेलं चाटलं तरी विष. साध्या पाण्याने पुसू दे. मनीला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नकोस, एका गोळीने मांजर मरतं.

मनीला भूक फार लागेल. पिल्लांसाठीचं कोरडं खाणं तिला दे, त्यात ताकद जास्त असते, आणि पाणी खोक्याजवळच ठेव. पुढच्या काही आठवड्यांत ती थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर दुधात सगळं कॅल्शियम गेलं असं समज आणि लगेच ने. स्तन गरम, कडक, निळसर दिसला तरी ने.

डोळे सात ते चौदा दिवसांत आपोआप उघडतील, आपण उघडायचे नाहीत. तोवर मी आलेली असेन. आठ आठवड्यांच्या आत एकही पिल्लू कुणाला द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी. आणि मनीला तेवढे दिवस बाहेर सोडू नकोस, पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लांचं दूध सुटलं की तिचं ऑपरेशन करून घेऊ, पैसे मी बाजूला ठेवले आहेत.

तुझा हात हलका आहे रे. लहानपणी चिमणीचं पिल्लू घरट्यात परत ठेवायचास तेव्हाही कधी दाबलं नाहीस. तुझ्या हातून हे नीट होईल, मला खात्री आहे. सगळी पिल्लं दुधाला लागली की मगच फोन कर, मी जागीच असेन. किती झाली आणि किती वारा पडल्या, दोन्ही आकडे सांग.

तुझी,
आई