दिल्लीचा नकोसा उन्हाळा जुलैत सुरू होतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिन्यात पेपरात रोज दिल्लीचा पारा येतो, ४४, ४५, आणि जूनच्या शेवटी तिथं पाऊस पोचला की 'दिल्लीकरांना दिलासा' म्हणून विषय मिटतो. माझा पुतण्या यूपीएससीसाठी ओल्ड राजेंद्रनगरला राहतो म्हणून सांगते, दिलासा वगैरे काय नाही, खरे हाल तिथनं पुढं सुरू होतात.

मे-जूनचं ऊन भयंकरच, दुपारी लू सुटली की भट्टीचं दार उघडल्यागत झळ लागते, पण हवा कोरडी असते, घाम आला की उडतो आणि कूलर उपयोगी पडतो. ओल्या गवतातनं वारा ओढायचा, पाणी उडताना हवा गार होते, एवढंच त्याचं तंत्र. जुलैत हवेतच इतकं पाणी असतंय की गवतातलं उडणार कुठं? मग पारा ३५-३६ ला उतरला तरी खोलीत नुसती चिकचिक, गादी दमट, नोट्सची पानं मऊ पडलेली, घाम अंगावरच, आणि कूलरच्या टाकीत साठलेल्या पाण्यामुळं डेंगीच्या डासांची भीती वेगळीच. एसी लावावा तर बिल बघूनच घाम फुटतो.

आणि उष्णतेची लाट म्हणायला मैदानी भागात निदान ४० अंश तरी लागतात, मग जुलैतल्या ३६ ला कोण विचारतंय.

रात्रीचं तर कुणी बोलतच नाही. जून २०२४ मध्ये दिल्लीतल्या सफदरजंग हवामान केंद्रावर एका रात्री किमान तापमान ३५.२ होतं, म्हणजे सगळ्यात गार वेळेला एवढं! गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रीसुद्धा चटका देतं, पोरं सकाळीच बादली भरून ठेवतात.

आपण कोल्हापूरकर साडेपाचशे मीटर उंचीवर, मेमध्ये कितीही गदमदलं तरी एखादा वळीव येऊन जातो, आणि जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली असताना आपण इथं चादर घेऊन झोपतो आणि फोनवर पोराला म्हणतो, पाऊस लागला न्हवं, बरं झालं बाबा. त्याला काय वाटत असेल!

२९ मे २०२४ ला दिल्लीतल्या मुंगेशपूरचा ५२.९ आकडा देशभर गाजला, नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, ते किती जणांच्या लक्षात आहे? मोठ्या आकड्याचंच कौतुक आपल्याला.

तर विनंती एवढीच की कमाल तापमानाशेजारी आर्द्रता आणि रात्रीचं किमान पण छापत चला, दिल्लीचं तरी. कोल्हापुरातनं बरीच पोरं तिकडं जातात, आणि आईबाप जुलैत पारा उतरलेला बघून स्वस्तातली सगळ्यात वरच्या मजल्यावरची रूम ठरवून मोकळे होतात.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर