ठणकते की सणकते? एका शल्यविशारदांना अनावृत पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

आपले आणि आपल्या रुग्णालयाचे नाव कुठेही छापू नये, असे आपण मला बजावले होते आणि ते मी पाळले आहे. पत्र लिहू नये असे मात्र आपण म्हटले नव्हते. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच की माझ्या पत्नीने ज्या वेदनेत दीड वर्ष काढले, तीच वेदना आज आणखी कुणी दाढदुखी समजून सोसत असेल.

सुरुवात एका सकाळी दात घासताना झाली. उजव्या गालातून हनुवटीपर्यंत विजेचा धक्का बसावा तशी सणक गेली, काही सेकंदांत थांबली आणि मागे काहीही उरले नाही. महिन्याभरात तोंड धुणे, घास चावणे, पंख्याचा वारा, गालाला पदर लागणे, यांपैकी कशानेही ती येऊ लागली. एका दंतवैद्यांनी एक दाढ काढली, सहा आठवड्यांनी तिच्या शेजारची दुसरी काढली, आणि वेदना होती तशीच राहिली. त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही, परंतु त्या दोन्ही दाढा निरोगी होत्या याचे दुःख आजही होते. पुढे भाकरी सुटली, पेजेवर दिवस निघू लागले, आणि ओठ हलले की कळ येते म्हणून तिने बोलणेच सोडले. काय हवे-नको ते ती वहीत लिहून दाखवू लागली.

तिसरी दाढ काढून घ्यायला आम्ही साताऱ्यातील एका तरुण दंतवैद्य बाईंकडे गेलो होतो. आपल्यापर्यंतची वाट खरे तर त्यांनी दाखवली, म्हणून त्यांचे ऋण आधी मान्य करतो. त्यांनी तोंडात पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला : “काकू, ठणकतंय की सणकतंय?” पत्नीने ‘सणकते’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. किडलेली दाढ ठणकत राहते, गरम-थंडाने वाढते, रात्री झोपू देत नाही. हे दुखणे मात्र नुसत्या स्पर्शाने येते, क्षणात जाते आणि झोपेत बहुधा छळत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. “ही दाढ मी काढणार नाही. हे दुखणं दाताचं नाही, नसेचं आहे,” असे म्हणून त्यांनी फी न घेता एका मेंदूविकारतज्ज्ञांना स्वतः फोन लावला. चाळीस वर्षांत आपल्या भाषेतील या दोन क्रियापदांमधला फरक मी किती मुलांना शिकवला असेन. त्यावर एखाद्याचे निदान अवलंबून असेल असे कधी वाटले नव्हते.

नसेची कळ दाबणाऱ्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी पहिले काही महिने बरे गेले. मग मात्रा वाढवावी लागली, भिंत धरून चालण्याची वेळ आली, आणि रक्तातील सोडियम इतके उतरले की तिला दाखल करावे लागले. शस्त्रक्रियेचा विचार तेव्हा सुरू झाला. ज्या पहिल्या शल्यविशारदांना आम्ही भेटलो त्यांनी पाच मिनिटांत फिल्म पाहिली आणि परवाची तारीख दिली. या पाच मिनिटांत त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिले नाही. ते कदाचित निष्णात असतील, पण तिने वहीत लिहिले : “इथे नको.”

आपल्याकडे आलो तेव्हा आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सवयीने मीच देऊ लागलो. “थांबा सर, त्यांना लिहू द्या,” असे आपण म्हणालात, आणि बाहेर रुग्णांची रांग असताना तिचे पान भरेपर्यंत शांत बसून राहिलात. मग ते पान तिला वाचून दाखवून, “बरोबर समजलं ना मला?” असे विचारलेत. तिच्या डोळ्यांत पाणी आले. गालाला हात न लावता तिने ते वाहू दिले.

त्याच वहीत आपण चित्र काढले. चेहऱ्याची संवेदना वाहणारी पाचवी नस मेंदूच्या देठातून जिथे निघते, तिथेच एक धमनी तिला टेकली होती, आणि वर्षानुवर्षे तिच्या ठोक्यांनी, विजेच्या तारेवरचे वेष्टन झिजावे तसे त्या नसेचे आवरण झिजले होते. कानामागे लहानसे छिद्र करून, ती धमनी अलगद बाजूला घेऊन, दोहोंमध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा, अशी ती शस्त्रक्रिया. सुईने नस बधिर करण्याचे किंवा गॅमा नाइफचे, म्हणजे चिरफाड न करता नसेवर किरणांचा नेमका मारा करण्याचे, पर्यायही आपण तितक्याच मोकळेपणाने मांडले. दहा वर्षांनंतरही साधारण दहापैकी सात जण वेदनामुक्त राहतात, म्हणजे तिघांना त्रास पुन्हा होऊ शकतो; त्या कानाचे ऐकणे जाऊ शकते, आणि क्वचित पक्षाघातही होऊ शकतो, हे आपण आम्ही विचारण्याआधी सांगितलेत. आपल्या स्वतःच्या रुग्णांत काय काय बिघडले तेही सांगितलेत. “आणखी एकाचं मत घ्या, मग ठरवा,” हे आपले शेवटचे वाक्य होते, आणि आमचा निर्णय त्या वाक्यानेच झाला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बांगड्या उतरवायच्या होत्या. हात सुजले होते, त्यामुळे त्या निघेनात, आणि आता वाढवाव्या लागणार या विचाराने तिचा चेहरा उतरला. वॉर्डातील मावशींनी ते ओळखले. साबणाच्या पाण्यात तिचे हात धरून त्यांनी एकेक बांगडी अखंड काढली, रुमालात बांधून माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, “परत भरायच्या आहेत, जपून ठेवा.” कानामागची केसांची पट्टी काढण्याआधी सिस्टरांनी उरलेल्या केसांची घट्ट वेणी घातली, म्हणजे शक्य तितके केस वाचावेत. हे कुणी त्यांना सांगितले नव्हते. शस्त्रक्रिया चार तास चालली. दुसऱ्या तासाला आपण वॉर्डातील मदतनीस मामांकरवी निरोप पाठवलात : “धमनी सापडली, चित्रात होती तिथेच आहे.” बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला त्या एका वाक्याने किती बळ मिळते, हे मी आपल्याला सांगू शकत नाही.

अतिदक्षता विभागात शुद्धीवर आल्यावर तिने प्रथम उजव्या गालावर तळहात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी तिने दोन्ही हातांनी तोंड धुतले. मी दाराशी उभा राहून ते पाहत होतो. ऐकणे शाबूत आहे. वरच्या ओठाजवळ थोडी बधिरता आहे, तिची ती तक्रार करत नाही. गोळ्या आपण सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करून आता थांबवल्या आहेत. भाकरी ती पुन्हा खाते, मात्र दोन दाढा नसल्यामुळे डाव्या बाजूने.

पुढच्या महिन्यात तपासणीसाठी आम्ही येत आहोत. मावशी, मामा आणि सिस्टर यांच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे आणतो आहोत, ते घेण्याची त्यांना कृपया परवानगी असावी. आपल्या प्रश्नांची उत्तरे या वेळी तीच देणार आहे, तसे तिने मला बजावले आहे; मी बाहेर बाकावर बसेन.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त शिक्षक, वाई